पट्ट्याची किंचाळी आणि आउग्सबुर्गची एक सकाळ

#धागा

जुना डिझेल ट्रक. डिसेंबरची पहाट. सेल्फ मारावा तर इंजिन नुसते घरघरते. चौथ्या-पाचव्या खेपेस एकदाचे पेटते. पेटताच बॉनेटखालून फॅन बेल्टची कर्णकटू किंचाळी सुरू होते आणि पाचेक मिनिटांनी आपोआप विरते. दिवसभर मग कसलीही तक्रार नाही. माझ्या काकांच्या ट्रकची ही कथा. दोन हिवाळ्यांत दोन बेल्ट आणि एक बॅटरी बदलून झाली होती, आणि आता ‘इंजिनाचे काम’ काढण्यासाठी कर्जाची बोलणी चालू होती.

मी यंत्रज्ञ नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी. परंतु सुरू न होणारे इंजिन आणि पट्टा यांची गाठ मी आधी एका पुस्तकी संदर्भात वाचली होती. डिझेल इंजिनाच्या जन्मकथेतच ही जोडी आहे.

रुडॉल्फ डिझेल हे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांचे विद्यार्थी. लिंडे म्हणजे शीतयंत्रांचे आचार्य; वायू दाबला की तापतो, पसरला की थंडावतो, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा. आग्नेय आशियातील लोक याच तत्त्वावर पूर्वापार विस्तव पाडत आले होते: बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या जोराने दाबायचा, की आतल्या हवेच्या उष्णतेने कापूसासारखे जळण धुमसू लागते. डिझेल यांची कल्पना याच जातीची. ठिणगी नको, हवा इतकी दाबावी की तिच्यात फवारलेले इंधन स्वतःच पेटावे. २३ फेब्रुवारी १८९३ या तारखेचे जर्मन पेटंट त्यांना मिळाले.

कागदावरचे इंजिन लोखंडात उतरेपर्यंत मात्र चार वर्षे गेली. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिला स्फोट झाला, तो इतका जोरकस की दाब मोजणारे उपकरणच फुटून तुकडे उडाले. इंजिन पेटले होते, चालले नव्हते. पुढच्या प्रयोगांत त्याला फिरवायला कारखान्याच्या शाफ्टवरून एक पट्टा जोडलेला असे. म्हणजे बाहेरची शक्ती पट्ट्यातून आत यायची आणि इंजिन ओढले जायचे.

१७ फेब्रुवारी १८९४. पट्टा फिरतो आहे, डिझेल निरीक्षणात गढलेले आहेत. लिंडर नावाचा जुळारी यंत्रापाशी उभा होता. त्याच्या ध्यानात आले की पट्ट्याचा ताण उलटला आहे, तो हिसके देत दुसऱ्या बाजूने ओढला जातो आहे. शाफ्ट इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिनच शाफ्टला ओढू लागले होते. डिझेल यांनी पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार लिंडरने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. जगातले पहिले डिझेल इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर चालले, आणि ते शोधकर्त्याच्या आधी पट्ट्याकडे पाहणाऱ्या कामगाराला कळले!

१८९७ साली प्राध्यापक श्र्योटर यांनी घेतलेल्या अधिकृत चाचणीत या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात उतरवली. तत्कालीन वाफेची यंत्रे याच्या आसपासही नव्हती.

ट्रकपर्यंतचा प्रवास आणखी लांबला, कारण इंधन आत फवारण्यासाठी दाबलेल्या हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागे. बेंझ कंपनीच्या प्रॉस्पर लोराँज यांनी १९०९ मध्ये पूर्वकक्षाची युक्ती काढली: मुख्य सिलिंडरला जोडलेल्या लहानशा कोठडीत ज्वलनाचा आरंभ करायचा. १९२३ मध्ये बेंझचा डिझेल ट्रक रस्त्यावर आला. १९२४ मध्ये मान कंपनीने थेट सिलिंडरात फवारणारा ट्रक आणला. १९२७ पासून बॉशचे इंधन-पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले आणि मग मागे वळून पाहणे नव्हते.

हा तपशील आजही उपयोगी पडतो. पूर्वकक्षाच्या भिंती दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात, म्हणून अशा इंजिनांना थंडीत हीटर प्लग लागतात. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांच्या करारातून बनू लागलेले ट्रक पूर्वकक्षाच्या परंपरेतले. १९६० च्या दशकात खुद्द डाइम्लर-बेंझनेच ट्रकसाठी थेट फवारणीची कास धरली, आणि तसल्या इंजिनांत सहसा हीटर प्लग नसतातच. तेव्हा ‘हीटर गेला असेल’ असे म्हणण्यापूर्वी आपले इंजिन कोणत्या घराण्यातले, हे पाहावे.

घराणे कोणतेही असो, वेगाशिवाय गत्यंतर नाही. इंजिन हळू फिरले तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते, उरलेली ऊब थंड धातूत मुरते आणि इंधन पेटण्याइतके तापमान साधत नाही. विहिरीवरचे हँडलचे इंजिन आठवा. आधी झडप उचलून दाब मोकळा ठेवायचा, चाकाला चांगली गती आली की झडप सोडायची. ट्रकमध्ये ती गती देणारा सेल्फ असतो आणि सेल्फचे बळ बॅटरीत.

बॅटरी भरतो अल्टरनेटर, अल्टरनेटरला फिरवतो बेल्ट.

या पट्ट्यालाही पूर्वज आहेत. मुंबईच्या गिरण्यांत छताखालच्या शाफ्टवरून प्रत्येक मागापर्यंत चामड्याचे सपाट पट्टे उतरत. १९१७ मध्ये डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी रबर आणि कापडाचा, तिरप्या कडांचा व्ही-बेल्ट तयार केला. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. पकड कडांची, तळाची नव्हे. खाचेचा तळ चकाकताना दिसला तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे आणि घसरतो आहे, असे समजावे.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असताना, हात आणि कपडे दूर ठेवून, पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी शिंपडावे. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत. किंचाळी उलट वाढली तर पट्टा सैल आहे किंवा ओझ्याखाली घसरतो आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळावे.

काकांच्या ट्रकचा आवाज पाण्याने वाढला. पट्टा नवा, ताण योग्य; मग घसरणे कशामुळे? उत्तर चार-पाच वेळा मारलेल्या सेल्फमध्ये होते. इतका सेल्फ मारल्यावर बॅटरी उपाशी होते, इंजिन पेटताच अल्टरनेटर पूर्ण जोराने तिला भरू लागतो आणि ते ओझे पट्ट्याला पेलवत नाही. पाच मिनिटांत ओझे उतरले की किंचाळी थांबते. घसरून कडा गुळगुळीत झाल्या की पकड आणखी कमी होते, बॅटरी अर्धवट भरते, दुसऱ्या दिवशी सेल्फ अधिकच मंद. कारण आणि परिणाम इथे एकमेकांचे शेपूट धरून फिरत होते. कोणत्याही साम्राज्याच्या ऱ्हासावर वाचताना नेमका हाच वैताग येतो.

फेरा कुठून सुरू झाला, हे धुराने सांगितले. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. मग दाब, ऊब, वेग यांचा विचार करायचा. काकांच्या ट्रकमध्ये पहिल्या तीन खेपांना धूरच नव्हता. म्हणजे डिझेल पोहोचतच नव्हते! ज्या पंपाच्या आणि रिंगांच्या कामासाठी कर्ज काढायचे होते, त्यांच्यावर आरोप सिद्ध होण्याआधीच शिक्षा ठरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फला हात न लावता काकांनी आधी फीड पंपावरचा हँड प्रायमर दहा-बारा वेळा दाबला, तो घट्ट होईपर्यंत. मग किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटले. पट्टा मूक.

रात्रभरात कुठून तरी हवा शिरत होती आणि नळीतले डिझेल मागे टाकीत उतरत होते. टाकी ते फीड पंप या ओढीच्या टप्प्यात गळती असली तर बाहेर थेंबही दिसत नाही, हवा तेवढी आत जाते. म्हणून इतके दिवस कोणाला संशय आला नव्हता. जोडावरचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला होता आणि शेजारच्या रबरी नळीला केसाएवढी भेग होती. दोन्ही बदलले, एअर काढली. गुळगुळीत झालेला बेल्टही बदलला, तिसऱ्यांदा.

कर्जाचा अर्ज काकूंनी चुलीत घातला.