तबकडी, उरूस आणि आपली विरासत

नानांच्या इंतकालनंतर घर आवरताना माळ्यावर एक लाकडी पेटी निघाली. आत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या होत्या. काही तडकलेल्या, काहींचे कागदी पाकीट गळून गेलेले. मामूंनी ती पेटी तशीच भंगारवाल्याला दिली. मी पोहोचलो तेव्हा कोपऱ्यात तीन तबकड्या उरल्या होत्या. त्यांतल्या एकीवर नाव होते, अब्दुल करीम खाँ. नाना पाच वक्तांचे नमाजी होते आणि गाण्याचे शौकीनही होते. घरात मात्र आम्हा मुलांना यांतली पहिलीच गोष्ट सांगितली जाई.

ती तबकडी हातात घेऊन मी विचार करू लागलो. आपण शाळेत इतिहास शिकवतो तो तहांचा, लढायांचा आणि सनावळ्यांचा. लाखेच्या या काळ्या चकतीवरही आपला इतिहास कोरलेला आहे. तो वाचायला डोळे नव्हे, कान लागतात.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती नोव्हेंबर 1902 मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग यंत्रे घेऊन आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि तीन-साडेतीन मिनिटांत सगळे आटपावे लागे. तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना गायिका कोण ते कळावे म्हणून गौहरजान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगत असे. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या.

रात्र-रात्र एक राग आळवणाऱ्या उस्तादांना तीन मिनिटांची ही अट जाचक वाटली असेल तर नवल नाही. अनेकांनी यंत्राकडे पाठ फिरवली. जे तयार झाले त्यांत अब्दुल करीम खाँसाहेब होते.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. बडोद्याचा दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले आणि मिरजेचे झाले. प्लेगची बाधा झाली असता ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गाऊन त्यांना शिफा मिळाली, अशी आख्यायिका मिरजेत सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांनी इथे काय केले ते स्पष्ट आहे. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालवले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा खाँसाहेबांनी प्रत्यक्ष गळ्यातून त्यांना श्रुती दाखवल्या. मराठी नाट्यपदे गायली, कर्नाटक संगीत शिकून त्यागराजांची कृतीही तबकडीवर दिली. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बहरेबुवा, कपिलेश्वरीबुवा हे त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. तिकीट लावून जाहीर बैठक करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांत हिराबाईंचे नाव येते.

खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या 1905 च्या सुमारासच्या, म्हणजे कर्ण्याच्या जमान्यातल्या. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि मुद्रणाचे तंत्रच बदलले. पुढे ओडियन कंपनीने त्यांचे गाणे घेतले, त्या तबकड्या घराघरांत गेल्या. त्यांचा आवाज पल्लेदार नव्हता, बारीक आणि आर्त होता. कर्ण्यात जो आवाज अर्धा हरवला असता तो मायक्रोफोनने अलगद पकडला. मैफलीत शेवटच्या रांगेला जो श्वास ऐकू गेला नसता तो चावीच्या ग्रामोफोनसमोर बसलेल्या माणसाला ऐकू आला. तीन मिनिटांत राग पुरा होत नाही, पण ओळख पटते.

अशीच ओळख गदगच्या एका मुलाला पटली. दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्याने ऐकली आणि असेच गायचे असा ध्यास घेतला. 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा भटकून अखेर 1936 मध्ये कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी आला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. सवाई गंधर्व 1952 मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी, 1953 मध्ये, भीमसेनजी आणि गुरुबंधूंनी पुण्यात त्यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव सुरू केला. रात्रभर जागणारे हजारो रसिक, पहाटेची भैरवी, थंडीत शाली पांघरून बसलेली कुटुंबे हे त्याचे चित्र पुढे कितीतरी वर्षे कायम होते. नंतर ध्वनीविषयक नियमांमुळे रात्रभराच्या बैठका बंद झाल्या, पण महोत्सव टिकला. भीमसेनजी 2011 मध्ये गेल्यानंतर त्यांचेही नाव महोत्सवाच्या नावात जोडले गेले. तो भरवणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. यातले 'आर्य संगीत' हे शब्द खाँसाहेबांच्या विद्यालयाच्या नावातही होते.

म्हणजे ज्या सोहळ्याचा मराठी माणसाला सार्थ अभिमान आहे, त्याचे एक मूळ दुकानात वाजणाऱ्या त्या तबकडीत सापडते आणि दुसरे मिरजेच्या दर्ग्यात.

खाँसाहेबांचा इंतकाल 27 ऑक्टोबर 1937 रोजी झाला. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर उतरले. तिथेच तानपुरा जुळवून त्यांनी दरबारीच्या सुरांत अल्लाहचे नाव घेतले आणि डोळे मिटले, असे सांगतात. मय्यत मिरजेला आणली गेली आणि दर्ग्याच्या आवारात दफन झाली. पुढे मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या स्मृतीची संगीत सभा होऊ लागली. ज्या चिंचेखाली बसून खाँसाहेब गात असे सांगतात, तिथे गायला येणारा कलावंत बिदागी विचारत नाही, हजेरी लावतो. हा आमचा महोत्सव. इथल्या तानपुऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि ते घडवणारे शिकलगार एकेकाळी हत्यारांना धार लावणारे कारागीर होते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांच्या पदरी उस्ताद अल्लादिया खाँ होते. जन्म 1855, मृत्यू 1946. जयपूर-अत्रौली गायकीचे ते प्रवर्तक, पण त्यांनी एकही तबकडी दिली नाही. उतारवयात त्यांनी नातू अजीजुद्दीन खाँ यांना आपली जीवनकथा उर्दूत सांगितली, 2000 मध्ये तिचे इंग्रजी भाषांतरही पुस्तकरूपाने आले. मी उर्दूचा शिक्षक. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले याचा मला आनंद आहे. आवाज मात्र कायमचा गेला. तो आता फक्त शिष्यांच्या गळ्यातून ओळखायचा. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. उस्तादांनी यंत्राला नकार दिला आणि त्यांची तालीम मात्र तबकडीवर बसून सूर्यमालेच्या पार निघाली.

मग हा ठेवा जपला कोणी? मोठा वाटा शौकिनांचा आहे. चोरबाजारात उकिडवे बसून तबकड्या चाळणारे, पगारातून पैसे काढून एल.पी. घेणारे, सुई झिजली म्हणून शहरभर फिरणारे हे लोक. त्यांच्यापैकी काहींनी 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन केली. डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्या शास्त्रज्ञाने त्यासाठी आयुष्याची वर्षे दिली. आज खाँसाहेबांचा आवाज मोबाइलवर सहज मिळतो तो अशा लोकांनी तबकड्या जपल्या म्हणून.

या शौकिनांत आपण किती आहोत, हा प्रश्न मला टोचतो. एकदा वर्गात मी खाँसाहेबांचे नाव घेतले. एका मुलाने विचारले, "सर, ते मुसलमान होते? मग गायचे कसे?" मी आलिम नाही, हलाल-हरामचा निवाडा करणे माझे काम नाही. त्या मतभेदांचा मी आदर करतो. पण जे घडले ते घडले नाही, असे इतिहासाच्या शिक्षकाला म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या गाण्यात आपला वाटा किती, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो आणि आपल्याच माळ्यावरची पेटी किलोच्या भावाने विकतो. दुसऱ्यांनी आपल्याला विसरू नये अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी आपले विसरू नये.

पुढच्या उरुसाला मी काही विद्यार्थ्यांना, त्यांच्या पालकांची परवानगी घेऊन, मिरजेला नेणार आहे. वाचकांना एवढीच विनंती, की माळ्यावर एखादी पेटी असेल तर विकण्याआधी उघडून पाहा. तबकडीवरचे नाव वाचा, वर्ष कळले तर लिहून ठेवा, आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर हे कोण ऐकत होते ते त्यांना विचारा. माझे नाना ऐकत होते. ते मी त्यांना कधी विचारले नाही.