ज्वालामुखीची राख आणि विमानें

राख म्हटली कीं मराठी घरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें चूल उभी राहते. लाकूड जळून मागें जें उरतें ती राख. ती हाताला मऊ, वजनाला हलकी आणि फुंकर घालतांच उडून जाणारी असते; तिनें कित्येक पिढ्यांचीं भांडीं घासलीं. ज्वालामुखीच्या मुखांतून जें करडें चूर्ण आकाशांत उसळतें त्यालाहि मनुष्यानें तेंच घरगुती नांव देऊन टाकलें. परंतु या दोहोंमध्यें नांवापलीकडे फारसें साम्य नाहीं. ज्वालामुखीची राख कशाच्याहि जळण्यानें उत्पन्न होत नाहीं. पृथ्वीच्या पोटांतील वितळलेल्या खडकांत वायु कोंडलेले असतात. तो रस वर येतां येतां दाब कमी झाला म्हणजे, सोडावॉटरची बाटली उघडतांच फेंस उसळावा त्याप्रमाणें, ते वायु एकदम फुगतात आणि त्या खडकाचा चुरा होतो. या चुऱ्यांत दगडाचे, स्फटिकांचे आणि काचेचे सूक्ष्म कण असतात. ते टोंकदार असतात, पाण्यांत विरघळत नाहींत, आणि वाऱ्यावर स्वार होऊन हजारों मैल जाऊं शकतात. भूगर्भशास्त्रज्ञांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. विमान चालविणाऱ्यांना तो पुरतेपणीं कळावयास मात्र विसावें शतक संपत यावें लागलें. आणि तोहि शेंकडों प्रवाशांचे प्राण कंठाशीं आल्यावर कळला. त्याचीच ही हकीगत आहे.

विमान आणि ज्वालामुखी यांची एक मोठी गांठ दुसऱ्या महायुद्धांत पडली. इटलींत नेपल्स शहराजवळ व्हेसूव्हियस पर्वत आहे. इसवी सन ७९ मध्यें ज्यानें पाँपी नगर गाडून टाकलें तोच हा. १९४४ च्या मार्च महिन्यांत तो पुन्हां जागा झाला. त्याच्या पायथ्याशीं अमेरिकन वायुदलाचा एक तळ होता आणि तेथें बी-२५ जातीचीं बाँबफेकी विमानें उभीं होतीं. त्यांच्यावर तप्त राखेचा व दगडांचा वर्षाव झाला. कापडी आच्छादनें जळालीं, काचा निकामी झाल्या. शत्रूनें एकहि गोळी न झाडतां सुमारें ८० विमानें कामांतून गेलीं. परंतु हीं विमानें जमिनीवर होतीं. पर्वताच्या पायथ्याशीं विमानें ठेवूं नयेत एवढाच धडा या प्रसंगांत उघड दिसत होता. आकाशांत उडणाऱ्या विमानाला तीच राख काय करील, हा प्रश्न पुढच्या काळासाठीं शिल्लक राहिला.

पुढचा काळ जेट विमानांचा आला. जुनीं पंख्याचीं विमानें तुलनेनें खालून आणि सावकाश जात. जेट विमान सात मैलांच्या उंचीवरून जाऊं लागलें, आणि मोठ्या उद्रेकाची राखहि नेमकी त्याच उंचीवर पोंचून तेथील जोरदार वाऱ्यांबरोबर प्रवासास निघते. शिवाय जेट इंजिन म्हणजे एक विलक्षण भूक असलेली भट्टी होय. तें दर क्षणीं अपार हवा आंत ओढतें, दाबतें आणि प्रखर उष्णतेंत तापवितें. त्या हवेबरोबर जें येईल तें सारें त्याला गिळावें लागतें.

२४ जून १९८२ च्या रात्रीं ब्रिटिश एअरवेजचें एक बोइंग ७४७ विमान लंडनहून ऑकलंडच्या मार्गावर होतें. वाटेंत मुंबईचा व क्वालालंपूरचा मुक्काम आटोपून तें आतां ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहराकडे निघालें होतें. आंत २४८ प्रवासी व १५ कर्मचारी होते. उंची ३७,००० फूट होती, हवा शांत होती, आणि हवामान दाखविणाऱ्या रडारच्या पडद्यावर एकहि ढग नव्हता. विमान जावा बेटाच्या दक्षिणेस असतां समोरच्या काचेवर पांढऱ्या निळसर ठिणग्या नाचूं लागल्या. पूर्वीं वादळांत जहाजांच्या डोलकाठ्यांवर असा प्रकाश दिसे आणि युरोपांतील खलाशी त्यास संत एल्मोचा अग्नि म्हणत. येथें तर वादळ कोठेंच नव्हतें. थोड्याच वेळांत आंत धूर दिसूं लागला आणि गंधकाचा वास पसरला. खिडकींतून पाहणाऱ्यांस इंजिनें आंतून दिवा लावल्यासारखीं उजळलेलीं दिसलीं. मग चौथें इंजिन बंद पडलें. त्यामागोमाग दुसरें गेलें, आणि पहिलें व तिसरेंहि थांबलें. कांहीं मिनिटांपूर्वीं निर्वेध चाललेलें तें प्रचंड विमान मध्यरात्रीसारख्या अंधारांत निःशब्द झालें.

इंजिनें थांबलीं म्हणून विमान दगडासारखें कोसळत नाहीं. तें घारीसारखें तरंगत उतरतें. एक मैल उंची गमावतांना त्या विमानाला सुमारें पंधरा मैल पुढें जातां येत होतें. म्हणजे हातीं वेळ होता, परंतु तो मोजका होता. मुख्य वैमानिक एरिक मूडी यांनीं विमान जकार्त्याच्या दिशेस वळविलें. मदतीची हांक दिली गेली, परंतु चारहि इंजिनें एकदम बंद पडावींत ही गोष्टच इतकी अश्रुतपूर्व होती कीं, जमिनीवरील अधिकाऱ्यांचा प्रथम चौथें इंजिन बंद पडलें असा समज झाला. जवळून जाणाऱ्या एका इंडोनेशियन विमानानें खरा निरोप पोंचता केला. मूडी यांनीं प्रवाशांस जी सूचना दिली ती पुढें फार प्रसिद्ध झाली. एक लहानशी अडचण उद्भवली आहे, चारहि इंजिनें थांबलीं आहेत, तीं चालू करण्याची आम्ही शिकस्त करीत आहों, आपण फार चिंतेंत नसाल अशी आशा आहे, असा तिचा आशय होता. कांहीं प्रवासी मिळेल त्या कागदावर घरच्यांसाठीं अखेरचे शब्द लिहीत होते.

जकार्त्यास जाण्यासाठीं जावाच्या दक्षिणेकडील डोंगर ओलांडणें भाग होतें, आणि त्यासाठीं ११,५०० फुटांची तरी उंची हवी होती. ती राहिली नाहीं तर काळोखांत समुद्रावर विमान उतरविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. इंजिनें चालू करण्याचे यत्न एकामागून एक फुकट गेले. विमान १३,५०० फुटांच्या सुमारास आलें तेव्हां चौथें इंजिन गुरगुरून चालू झालें. पाठोपाठ तिसरें, आणि मग उरलेलीं दोन्ही. अधिक उंची गांठावी म्हणून विमान वर नेलें तों त्या ठिणग्या पुन्हां दिसल्या आणि दुसरें इंजिन पुन्हां बिघडलें. म्हणून तीन इंजिनांवरच जकार्ता गांठावें लागलें. तेथेंहि संकट संपलें नव्हतें. समोरच्या काचा इतक्या घासल्या गेल्या होत्या कीं, धांवपट्टीचे दिवे धुक्यांतून पाहिल्यासारखे दिसत. काचेच्या कडेस उरलेल्या अरुंद स्वच्छ पट्टींतून पाहत मूडी यांनीं विमान सुखरूप उतरविलें. एकाहि माणसास प्राण गमवावा लागला नाहीं.

आपणांस काय झालें होतें हें त्या वैमानिकांस उतरल्यावरहि उमगलें नव्हतें. तपासणींत उलगडा झाला. पश्चिम जावांतील गालुंगुंग नांवाचा ज्वालामुखी ५ एप्रिल १९८२ पासून धुमसत होता, आणि त्या रात्रीं त्याच्या राखेच्या लोटांतून विमान गेलें होतें. ज्वालामुखीच्या राखेंतील काच सुमारें ११०० अंश उष्णतेस वितळते, आणि जेट इंजिनाच्या पोटांतील उष्णता त्याहून बरीच अधिक असते. तेव्हां आंत शिरलेली राख भट्टींतील काचेसारखी पाघळली, पुढच्या कमी तप्त भागांवर जाऊन चिकटली, आणि इंजिनाचा श्वास कोंडला. इंजिन थंड पडल्यावर हेंच काचेचें कवच ठिसूळ होऊन तडकलें आणि त्याचे तुकडे गळून पडले. म्हणूनच तें पुन्हां चालू होऊं शकलें. रडारनें इशारा दिला नाहीं याचेंहि कारण साधें होतें. तें रडार ढगांतील पाण्याचे थेंब हुडकीत होतें, आणि ही राख कोरडी होती.

या हकीगतींतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. गालुंगुंग जागा आहे ही बातमी गुप्त नव्हती. त्याच्या पायथ्याच्या हजारों खेडुतांनीं घरेंदारें सोडलीं होतीं; इंडोनेशियांतील शास्त्रज्ञ त्याच्यावर लक्ष ठेवून होते. जमिनीवरील भाताच्या शेतांत राबणाऱ्या माणसास जें ठाऊक होतें तें त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या अत्याधुनिक विमानास ठाऊक नव्हतें. ज्ञान होतें, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याची त्यास वाट नव्हती. ही वाट एका अपघातानें तयार झाली असेंहि नाहीं. तीन आठवड्यांच्या आंतच, १३ जुलै रोजीं, सिंगापूर एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानास त्याच राखेनें गांठलें आणि त्याचीं तीन इंजिनें बंद करावीं लागलीं.

पुढें १५ डिसेंबर १९८९ रोजीं हाच प्रसंग पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास घडला. के. एल्. एम्. या डच कंपनीचें अगदीं नवें ७४७ विमान ॲमस्टरडॅमहून अलास्कांतील अँकरेज येथें उतरत असतां रिडाउट ज्वालामुखीच्या राखेंत शिरलें. चारहि इंजिनें थांबलीं. सुमारें १४,००० फूट खालीं आल्यावर तीं पुन्हां चालू झालीं आणि २४५ माणसें वांचलीं. परंतु चारहि इंजिनें बदलावीं लागलीं आणि सारें नुकसान सुमारें ८ कोटि डॉलरांवर गेलें. १९९१ च्या जूनमध्यें फिलिपाइन्समधील पिनाटुबो फुटला तेव्हां तर फार दूरवरच्या विमानांनाहि त्याच्या राखेचा उपद्रव झाला. आतां मात्र दोन्हीं शास्त्रें एकत्र बसलीं. १९९० नंतरच्या दशकांत जगाचें आकाश नऊ केंद्रांत वांटून देण्यांत आलें. लंडन, तुलूझ, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रिऑल, डार्विन, वेलिंग्टन, टोकियो व ब्वेनोस आयरेस येथील हीं केंद्रें उपग्रहांच्या छायाचित्रांवरून आणि वाऱ्याच्या गणितावरून राख कोठें जाईल याचा अंदाज बांधून वैमानिकांस कळवितात. नियमहि सोपा होता: राख दिसेल तेथें जाऊं नये.

सोपा नियम किती महाग पडतो याची परीक्षा २०१० मध्यें झाली. आइसलंड बेटांतील एय्याफ्यात्लायोकुत्ल हा ज्वालामुखी १४ एप्रिल रोजीं बर्फाच्या थराखालून उसळला. तप्त रस व बर्फाचें पाणी यांच्या संयोगानें राख अत्यंत बारीक झाली, आणि वायव्येच्या वाऱ्यानें ती थेट युरोपवर आणली. सुमारें सहा दिवस युरोपचें आकाश जवळजवळ ओस पडलें. एक लाखाच्या आसपास उड्डाणें रद्द झालीं आणि सुमारें एक कोटि प्रवाशांचा खोळंबा झाला. मुंबईहून लंडनला निघालेलीं कुटुंबें अडकलीं. केनियांत युरोपसाठीं खुडलेलीं फुलें कुजलीं. १८ एप्रिल रोजीं पोलंडच्या दिवंगत अध्यक्षांच्या अंत्यविधीस कित्येक राष्ट्रप्रमुखांना जातां आलें नाहीं. कंपन्यांचा संयम सुटला. कांहींनीं प्रवाशांवांचून विमानें उडवून दाखविलीं आणि तीं धडधाकट परत आलीं. उलट पक्षीं, १५ एप्रिल रोजीं राखेंतून गेलेल्या फिनलंडच्या लढाऊ विमानांच्या इंजिनांत वितळलेल्या राखेचे अंश सांपडले. दोन्हीं पुरावे खरे होते. राख आहे कीं नाहीं हा प्रश्नच अपुरा होता. ती किती आहे हें विचारावयास हवें होतें. हें प्रमाण इंजिनें बांधणाऱ्यांनींहि तोंवर ठरविलें नव्हतें. अखेर घनमीटरभर हवेंत २ मिलिग्रॅमपर्यंत राख चालेल अशी मर्यादा ब्रिटनमध्यें मान्य झाली आणि वाहतूक सुरू झाली.

त्या दिवसांत हौसेखातर उडणाऱ्या खाजगी वैमानिकांची स्थिति मोठी चमत्कारिक होती. मोठीं विमानें जमिनीवर जखडलेलीं असतां ब्रिटनच्या कांहीं भागांत लहान विमानांस दिवसाउजेडीं, खालच्या थरांतून, डोळ्यांनीं वाट पाहत उडण्यास मोकळीक होती. लहान विमानाचें पंख्याचें इंजिन जेटच्या मानानें फारच थोडी हवा घेतें, आणि ती बहुधा गाळून घेतें. परंतु राखेची जात तीच असते. दाट राखेंत हें गाळणें तुंबतें, काच खरवडते आणि इंजिनाचे फिरते भाग झिजतात. म्हणून अशा वैमानिकासहि उद्रेकाची वार्ता वाचल्यावांचून आणि शंका येतांच माघारीं वळल्यावांचून तरणोपाय नाहीं.

महाराष्ट्रास या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर जुन्नर तालुक्यांतील बोरी गांवापाशीं, कुकडी नदीच्या कांठीं मातींत दडलेलें आहे. तेथें ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला आहे. तिच्या वयाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु ती तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रांतील टोबा ज्वालामुखीची आहे, याकडे बहुतेकांचा कल आहे. मनुष्यानें आकाशांत मार्ग आंखण्यापूर्वीं हजारों वर्षें राखेनें तो मार्ग आक्रमिला होता. २३ नोव्हेंबर २०२५ रोजीं तिनें त्याची पुन्हां आठवण करून दिली. इथिओपियांतील हायली गुब्बी हा ज्ञात इतिहासांत कधींहि न फुटलेला ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख अरबी समुद्रावरून दुसऱ्याच दिवशीं भारताच्या वायव्य भागावर आली. तुलूझच्या केंद्रानें इशारे दिले. भारतीय कंपन्यांनीं कांहीं उड्डाणें रद्द केलीं, कांहींचे मार्ग बदलले, आणि त्या भागांतून आलेलीं विमानें तपासून घेतलीं. प्रवासी विमानतळांवर खोळंबले आणि त्रासलेहि असतील. १९८२ सालीं मुंबईवरून गेलेल्या त्या विमानांतील २६३ जणांना असा खोळंबा कोणी घडवून आणला नव्हता. राख तेव्हांहि तीच होती आणि आजहि तीच आहे. मधल्या काळांत बदललें तें इतकेंच कीं, ज्यास कळतें तो आतां उडणाऱ्यास वेळेवर सांगतो, आणि उडणारा तें ऐकतो.