सिरॅमिक कोटिंगमधील दोष आणि त्यांची दुरुस्ती

मोटारगाडीच्या रंगाला चकाकी व संरक्षण देण्यासाठी सिरॅमिक कोटिंग चढवण्याची पद्धत आता देशातील अनेक शहरांत रूढ झाली आहे. काही जण हे काम कारागिराकडून करून घेतात, तर काही जण बाटली विकत आणून घरीच करतात. दोन्ही प्रकारांत ढगाळ ठिपके, ओघळ, इंद्रधनुषी पट्टे किंवा पाण्याचे डाग राहिल्याचे नंतर लक्षात येते. असा दोष लेप ओला असताना दिसला, तर तो काही मिनिटांत पुसता येतो. लेप कडक झाल्यावर मात्र त्याच दोषासाठी पृष्ठभाग घासावा लागतो आणि त्याबरोबर मूळ रंगावरील पारदर्शक थरही थोडा झिजतो. म्हणूनच दोष कोणत्या प्रकारचा आहे आणि तो किती जुना आहे, हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे महागात पडू शकते.

लेपाचे स्वरूप

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. क्लिअर कोटची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. सूर्यकिरणांतील अतिनील घटकांपासून रंगाचे रक्षण मुख्यतः हाच थर करतो. सिरॅमिक कोटिंग त्यावर बसते आणि वाळल्यानंतर बहुधा एक-दोन मायक्रॉनच उरते.

बाटलीतील द्रवात सिलिकॉनयुक्त संयुगे द्रावकात विरघळवलेली असतात. लेप लावताच द्रावक उडू लागतो आणि उरलेली संयुगे हवेतील बाष्पाशी अभिक्रिया होऊन परस्परांना जोडली जातात. त्यातून काचेशी साम्य असलेले कडक जाळे तयार होते. ही प्रक्रिया स्पर्शाला कोरडे लागण्यापुरती काही तासांत होते, पूर्णत्वाला जाण्यास मात्र एक आठवड्यापासून काही आठवडे लागतात. दुरुस्तीचा मार्ग ठरतो तो ही प्रक्रिया कुठवर पोहोचली आहे यावरून.

दोष कसे उद्भवतात

सर्वाधिक आढळणाऱ्या दोषाला कारागीर ‘हाय स्पॉट’ म्हणतात. ज्या जागी लेप गरजेपेक्षा जाड राहिला आणि वेळेत पुसला गेला नाही, तेथे तेलकट, गडद किंवा ढगाळ ठिपका दिसतो. गडद रंगाच्या गाडीवर तो सहज नजरेत भरतो. पांढऱ्या व चंदेरी रंगावर मात्र तिरप्या प्रकाशाखेरीज ओळखू येत नाही.

लेप लावल्यावर पृष्ठभागावर इंद्रधनुषी छटा उमटणे ही पुसण्याची वेळ जवळ आल्याची खूण असते. ही वेळ उत्पादनानुसार आणि हवामानानुसार अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत बदलते. तापलेल्या बॉनेटवर किंवा कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत लेप लवकर धरतो. त्यामुळे थंड हवेत जमलेला हात उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात चुकतो. एकाच वेळी संपूर्ण दरवाजावर लेप पसरवला, तर पुसण्यास सुरुवात होईपर्यंत पहिला कोपरा घट्ट झालेला असतो. म्हणून साधारण दोन फूट लांबी-रुंदीचा भाग हाती घेऊन तो पुसून झाल्यावर पुढे जाण्याची पद्धत आहे.

काही दोष लेपाचे नसतातच. गोलाकार बारीक ओरखडे किंवा बफिंग यंत्राच्या खुणा आधीपासून रंगात असतील, तर त्या लेपाखालून तशाच दिसतात. एवढ्या पातळ थराने त्या भरून येत नाहीत. अशा वेळी लेपाचा दुसरा हात देऊन उपयोग होत नाही. लेप काढून, रंग पॉलिश करून पुन्हा सुरुवात करावी लागते.

वेळेनुसार उपाय

पहिला तास: हाय स्पॉट या अवधीत दिसल्यास त्यावर त्याच लेपाचे एक-दोन थेंब ठोकळ्याने हलकेच फिरवावेत. नव्या थरातील द्रावक खालचा अर्धवट घट्ट झालेला थर सैल करतो. त्यानंतर लगेच स्वच्छ, आखूड तंतूंच्या मायक्रोफायबर कापडाने जागा समतल पुसावी आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने शेवटचा हात फिरवावा. जोर लावून कोरडे घासल्यास ओरखडे पडतात.

काही तास ते एक दिवस: वरील उपाय या काळातही कधीकधी लागू पडतो. लेप फारसा धरलेला नसेल, तर पाणी मिसळून सौम्य केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही ठिपका निघू शकतो. दोन-तीन प्रयत्नांत फरक दिसला नाही, तर थांबून यांत्रिक उपायाकडे वळणे श्रेयस्कर.

एक दिवसानंतर: कडक झालेला लेप द्रावकाने विरघळत नाही, तो घासूनच काढावा लागतो. त्यासाठी प्रथम मऊ फोमचा पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश वापरावे. ठिपका लहान असल्यास हाताने, मोठा असल्यास डोलत फिरणाऱ्या ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ यंत्राने कमी वेगात काम करावे. प्रत्येक फेरीनंतर जागा पुसून प्रकाशात तपासावी आणि तेवढ्याने भागले नाही तरच अधिक घासणारे पॉलिश घ्यावे. ठिपका गेल्यावर अल्कोहोलने पॉलिशचे तेल पूर्ण काढून त्या जागी नवा लेप द्यावा. जोड दिसू नये म्हणून पुष्कळदा दरवाजा किंवा बॉनेट असा तो संपूर्ण भागच पुन्हा लेपला जातो. त्या भागाचा वाळण्याचा कालावधी नव्याने मोजावा लागतो.

पाण्याचे डाग

लेप लावल्यानंतरचे पहिले 24 तास गाडी कोरडी ठेवणे आवश्यक असते आणि साधारण आठवडाभर ती शाम्पूने धुणे टाळावे असे सांगितले जाते. या काळात पाणी पडून उन्हात वाळले, तर गोल कडा असलेले डाग उमटतात. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असल्यास हे डाग लवकर व ठळक पडतात.

डाग दिसताच पॉलिश लावण्याची घाई करू नये. वर बसलेला क्षार सौम्य आम्लात विरघळतो. त्यासाठी मिळणारा खास द्रव किंवा पाण्यात मिसळलेले पांढरे व्हिनेगर सावलीत, थंड पृष्ठभागावर थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. मात्र लेप ताजा असेल, तर आधी उत्पादकाची सूचना पाहावी. डागाने पृष्ठभाग कोरला असेल, तरच तो पॉलिश करणे भाग पडते.

न धरलेला लेप

काही आठवड्यांतच पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले, तर लेप निघून गेला असे लगेच मानू नये. धूळ, तेलकट धूर किंवा क्षारांचा पापुद्रा बसल्यानेही असे घडते आणि नीट धुतल्यावर गुण परततो. धुऊनही फरक पडला नाही, तर पूर्वतयारीत पॉलिशचे तेल किंवा मेण राहिल्याने लेप धरलाच नसण्याची शक्यता असते. तेव्हा तो भाग स्वच्छ करून पुन्हा लेपणे एवढाच उपाय उरतो.

घासण्याची मर्यादा

सौम्य पॉलिशने क्लिअर कोट अत्यल्प झिजतो, पण खरखरीत कंपाउंडच्या एका फेरीत काही मायक्रॉन जाऊ शकतात. कारखान्यात चढवलेला हा थर परत येत नाही. तो संपल्यास पुन्हा रंगकाम करावे लागते. पत्र्याच्या कडांवर आणि उठावाच्या रेषांवर तो अधिक पातळ असतो, म्हणून तेथे यंत्र नेऊ नये. जाडी मोजणारे साधे उपकरण रंगाच्या सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते. त्यातील क्लिअर कोट किती, हे त्यावरून कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही.

मॅट रंगाच्या गाडीवर पॉलिशचा मार्ग पूर्णपणे बंद असतो, कारण घासलेली जागा कायमची चकचकीत होते. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागातून काही आठवडे द्रावक बाहेर पडत राहतो. तो पुरता वाळण्याआधी त्यावर लेप चढवू नये.

लेप पुसलेले कापड वाळले की त्यातील कडक कण रंगावर ओरखडे पाडतात. ते धुऊन पुन्हा वापरू नये. काम करताना हातमोजे घालावेत, खेळती हवा ठेवावी आणि ज्वलनशील द्रावकामुळे आग जवळ नसावी.

ग्राहकाने काय पाहावे

काम कारागिराकडून करून घेतले असल्यास गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती धुळीविना, तिरप्या प्रकाशात आणि शक्य तर उन्हातही तपासावी. आढळलेले दोष छायाचित्रांसह लेखी कळवावेत आणि ते दूर करण्यासाठी कोणते पॉलिश वापरणार, हे विचारून घ्यावे. पावतीवर उत्पादनाचे नाव, थरांची संख्या व हमीच्या अटी असाव्यात. ‘9एच’ हा बाटलीवरील आकडा पेन्सिलीच्या कठीणपणावर आधारित चाचणीचा आहे. त्यावरून दगडाच्या माऱ्यापासून संरक्षण मिळेल असा अर्थ निघत नाही.

सदोष काम दुरुस्त करण्यास नकार मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. स्वतः दुरुस्ती करून पाहण्यापूर्वी ही तक्रार नोंदवलेली बरी; एकदा पृष्ठभाग घासला गेल्यावर मूळ दोष कोणाचा होता हे सिद्ध करणे कठीण जाते.