पणजोबा ज्या सालात राहतात

खोडाळ्याच्या नाक्यावर तुम्ही एसटीतून उतरता. पिशवीत जात पडताळणीची फाईल आहे. लेकीचा नर्सिंगचा प्रवेश अडलाय आणि समितीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा कागद हवाय. त्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी निघाली. आधीच्या कागदाचं वजन जास्त. तेव्हा पाय मागे वळवा.

2014 चा 1 ऑगस्ट ओलांडलात, की पालघर जिल्हाच नाही, सगळं ठाण्यात. 1948 च्या मागे गेलात, की जव्हारला यशवंतराव मुकणे गादीवर आहेत. खोडाळ्याचा मोखाडा पेटा इंग्रजांचा, जव्हार संस्थान राजाचं. सोयरीक मात्र हद्द बघून होत नाही. आजी जव्हारकडची असेल, तर तिच्या माहेरचे कागद वेगळ्या दप्तरात शोधा.

आता 1918. पाऊस सरत आलाय. कारवीच्या कुडाची घरं, आत शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात नागली दळायचं जातं. कोतवाल दारोदार फिरून कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून येतो आणि त्याची नोंद बुकात होते. तुम्ही लिहिणाऱ्याच्या खांद्याआडून बघता. बोरू मोडीत धावतोय. बापाचं नाव आलं. मुलाच्या नावाच्या जागी नुसतंच ‘मुलगा’. बारसं कुठे झालंय अजून? जातीच्या रकान्यात ‘कोळी’.

‘‘दादा, महादेव कोळी लिहा की! जमातींच्या यादीत नुसतं कोळी नाही!’’ तुम्ही ओरडता. त्याला ऐकू जात नाही. गावात कोण कुठला ते सगळ्यांना ठाऊक असताना वेगळं कशाला लिहायचं? शंभर वर्षांनी याच रकान्यावरून कुणाची पोर कचेरीच्या बाकावर बसणार आहे, हे त्याच्या गावीही नाही.

तो पान उलटतो. मयतांची नावं. कारण ताप. खाली पुन्हा ताप. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आलीय. या पानावर कितीतरी घराण्यांचा माग तुटतो. नातवाला आजोबांचं नाव सांगायला कुणी उरलंच नाही.

अजून मागे चला. कागद संपले, तरी रस्ता थोडा उरतो. घाट चढून त्र्यंबकेश्वरला जा. तिथले तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून चोपडी काढतात. तुमचं कुणी कुशावर्तावर येऊन गेलं असेल, तर वंशावळ सापडेल. इकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगांचे मान घराण्यांकडे चालत आलेत. कुठलं सोंग कुणाचं, हे म्हातारी माणसं न चुकता सांगतात. पडताळणीचं दक्षता पथकही कुळ, देव आणि लग्नाचे विधी विचारतंच.

त्याहून मागे गेलात, तर 1664 च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले, राजा विक्रमशहा भेटीला आला, असं इथे सांगतात. 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जव्हारच्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली. त्याच्याही मागे आहे जयबा मुकणे, बैलाच्या कातड्याच्या वाद्या करून राज्याएवढी जमीन वेढून घेणारा. ही झाली दंतकथा. पण जयबाही महादेव कोळीच. त्याची वंशावळ गॅझेटियरात छापली गेली. त्याच जमातीतल्या, राब भाजणाऱ्या तुमच्या खापरपणजोबाला कोतवाल बुकातली एक ओळ मिळाली, तीही नशीब असेल तर.

म्हणून परत आल्यावर दोन कामं करा. तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या, म्हणजे गाव नमुना 14 च्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका आणि मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. जुन्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर आणि जमिनीचे फेरफारही बघा. दुसरं काम त्याहून तातडीचं. घरात म्हातारं माणूस असेल, तर बाप, आजा, पणजा, प्रत्येकाची बायको आणि तिचं माहेर, सगळं आज संध्याकाळीच लिहून घ्या. बुकं कचेरीत अजून काही वर्षं टिकतील; आजीचं तसं नाही.