जकार्ताची इस्तिकलाल मशीद : हवेशीर आणि सर्वांना सामावणारी

इंडोनेशियाची राजधानी जकार्ता इथली इस्तिकलाल मशीद ही आग्नेय आशियातली सर्वांत मोठी मशीद. एका वेळी एक लाखाहून अधिक लोक इथे नमाज अदा करू शकतात. ‘इस्तिकलाल’ म्हणजे स्वातंत्र्य. देश स्वतंत्र झाल्याबद्दल अल्लाहचे शुक्र अदा करण्यासाठी ती बांधली गेली.

१९५५ साली आराखड्यांची स्पर्धा झाली. निवड झाली फ्रेडरिक सिलाबान यांची, आणि ते ख्रिस्ती होते! १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी पायाभरणी केली. राजकीय उलथापालथ आणि पैशांची चणचण यामुळे काम रखडले. अखेर २२ फेब्रुवारी १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी उद्घाटन केले.

मुख्य घुमटाचा व्यास ४५ मीटर आहे. हा आकडा १९४५ या स्वातंत्र्याच्या वर्षाची आठवण देतो. घुमट १२ गोल खांबांवर उभा आहे, ती १२ रबीउल अव्वलची खूण. मुख्य दालन आणि वरचे चार सज्जे मिळून पाच मजले होतात. पाच वक्तांच्या नमाजांशी त्यांचे नाते जोडले जाते. मिनार एकच आहे. त्यावरचे पोलादी टोक ३० मीटरचे, म्हणजे कुरआनचे ३० पारे.

पण आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती तिची हवा. जकार्ता दमट आणि उष्ण. म्हणून सिलाबान यांनी दालनाच्या बाजू भक्कम भिंतींनी बंद केल्या नाहीत. जाळीदार पडद्यांतून वारा आत खेळतो, ऊन आणि पाऊस मात्र थोपवले जातात. भोवती रुंद ओसऱ्या आणि मोठे अंगण आहे. जुम्याला, ईदला सफा तिथपर्यंत पोचतात.

समोरच कॅथेड्रल आहे. ख्रिसमसला मशिदीच्या आवारात चर्चला येणाऱ्यांच्या गाड्या लागतात. आता दोन्ही वास्तू भुयारी वाटेने जोडल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इथे भेट दिली.

आपल्याकडे मोहल्ल्यातली मशीद नव्याने बांधायची ठरली की चर्चा घुमट, मिनार आणि संगमरवरापाशीच अडकते. वारा कुठून येईल, वुजूखान्यात म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरणार नाही ना, औरतांसाठी जागा कुठे, हे प्रश्न मागे पडतात. कमिटीने नकाशावर सही करण्याआधी ते विचारले, तर इस्तिकलालपासून आपण काहीतरी शिकलो असे होईल.