बोअरचे पाणी आणि ज्वारीची भाकर

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील विहिरी आटल्या आणि खडक फोडून बोअर घेण्याचे पर्व सुरू झाले. सोलापूर-जालन्याच्या मिशनऱ्यांनी सुधारलेला हातपंपच पुढे ‘इंडिया मार्क २’ होऊन देशभर गेला. ख्रिस्ती सेवेचा हा वाटा आपल्याला क्वचितच आठवतो. त्या पाण्याने नारू हटविण्यास हातभार लावला. परंतु किनवट-माहूर पट्ट्यातील काही गावांत खडकातील फ्लोराईडही त्याबरोबर वर आले. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात गेले की दात डागाळतात, सांधे आखडतात, कणा ताठरतो. आणि हे सारे वात म्हणून, वय म्हणून निमूट सोसले जाते. नलगोंडा जिल्ह्यात (नांदेडप्रमाणे तोही एके काळी निजामाच्याच राज्यातला) गुडघे आत वळलेली तरुण मुले आढळली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली ते जगापुढे मांडले, आणि पुढे दोष केवळ पाण्याला न देता ज्वारीप्रधान, निकस आहाराचाही विचार केला. ताटात दूध, पालेभाजी असेल तर फ्लोराईडचा मारा सौम्य होतो. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या हाडांवर तो पुरता बसतो. तुरटी व चुन्याने असे पाणी शुद्ध करण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ने सिद्ध केली. नाव मात्र तिला नलगोंड्याचे मिळाले.