वाळवंटातली धाव आणि पाण्याचा हिशेब

राजस्थानात पोस्टिंग काढलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. तो सांगेल, वाळूत किलोमीटर मागाहून मोजायचे, आधी पाण्याची बाटली बघायची. पक्क्या सडकेवर तासाभरात उरकणारं अंतर मऊ वाळूत दीड-दोन तास खातं. जैसलमेरच्या पुढे पिठ्ठू लावून चाललेल्या आपल्यासारख्यांना म्हणूनच सहारातल्या एका शर्यतीचा इतिहास परका वाटत नाही.

‘मॅरेथॉन दे साब्ल’ म्हणजे वाळूची मॅरेथॉन. तिचा जन्म एका माणसाच्या पायपिटीतून झाला. १९८४ मध्ये पॅट्रिक बाउर हा फ्रेंच तरुण अल्जीरियातल्या सहारातून एकटाच चालत निघाला. पाठीवर सुमारे ३५ किलोंचं ओझं आणि वाटेत ना गाव ना विहीर. १२ दिवसांत त्याने ३५० किलोमीटर कापले. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याने मोरोक्कोच्या दक्षिण भागात पहिली शर्यत भरवली. धावपटू होते २३. पुढे तीच संख्या हजारावर गेली.

अंतर साधारण २५० किलोमीटर, तेही अनेक दिवसांच्या टप्प्यांत. सगळ्यात लांब टप्पा ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुष्कळांची रात्र धावण्यातच जाते. आयोजक राहायला तंबू देतात आणि पाणी देतात; पूर्वी ते मोजून मिळायचं. बाकी आठवड्याचं अन्न, स्लीपिंग बॅग, होकायंत्र, शिट्टी, चाकू, इशाऱ्याचा आरसा, सर्पविष ओढायचा पंप, सगळं स्वतःच्या पाठीवर. तेव्हा वाट्याबाहेर पाणी घेतलं तर वेळेचा दंड बसायचा. फौजी डोळ्यांना हा सरळसरळ रूट मार्चच दिसतो, फक्त घड्याळ लावलेला.

या शर्यतीतली सर्वांत गाजलेली कहाणी १९९४ ची. माउरो प्रॉस्पेरी हा इटलीचा पोलीस आणि मॉडर्न पेंटॅथ्लॉनचा खेळाडू. दमाचा प्रश्नच नव्हता. लांब टप्प्याच्या दिवशी वाळूचं वादळ उठलं. पुढचा क्रमांक हातचा जाऊ नये म्हणून तो धावत राहिला. वादळ निवळलं तेव्हा वाट पुसली गेली होती. हाताशी जेमतेम अर्धी बाटली पाणी. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. फ्लेअर उडवूनही वैमानिकाला तो दिसला नाही.

इथून पुढे त्याला तारलं ते जुन्या माणसांच्या शब्दांनी. महायुद्धात पाणी संपल्यावर सैनिक स्वतःची लघवी पिऊन जगले, हे आजोबांनी त्याला सांगितलं होतं. त्याने चुकल्याचं कळताच, शरीरात पाणी असतानाच, लघवी बाटलीत साठवली. वाळवंटातल्या एका ओसाड दर्ग्यात आसरा घेऊन त्याने वटवाघळांच्या रक्तावर तहान भागवली. वाट चुकलास तर पहाटे क्षितिजावर ढग दिसतील तिकडे चालत राहा, हा तुआरेग भटक्यांचा सल्ला त्याला आठवला. मग सकाळ-संध्याकाळ चालायचं, दुपारी सावली धरायची, रात्री थंडीसाठी वाळूत खड्डा करून पडायचं. नऊ-दहा दिवसांनी भटक्यांच्या वस्तीतल्या बायकांनी त्याला बकरीचं दूध पाजलं. तेव्हा तो सीमा ओलांडून अल्जीरियात, मार्गापासून जवळपास ३०० किलोमीटर दूर पोहोचला होता. वजन १६ किलोंनी उतरलं होतं. चार वर्षांनी तो पुन्हा त्याच शर्यतीत उभा राहिला.

याच शर्यतीचे विक्रम बघा. १९९७ ते २०१० अशी सलग १४ वर्षं पुरुषांचं विजेतेपद एकाच घरात राहिलं: मोरोक्कोचे लाहसेन आणि मोहमद अहान्साल हे भाऊ. भटक्यांच्या घरातली ही पोरं. कुठली वाळू पाय धरते, कुठली सोडते, हे त्यांना कुणी कोर्समध्ये शिकवलं नव्हतं.

आपल्याकडेही वाळूने हाच हिशेब मांडला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत रुतले, आणि उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी त्यांना टिपलं. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबच्या कंपनीने रात्रभर जागा सोडली नव्हती, म्हणून ती सकाळ उजाडली. तिथे पुढे रेटणारा अडकला आणि थांबणारा टिकला.

हल्ली आपल्या युनिटांतली तरुण पोरं थरमधल्या लांब धावांसाठी नावं देतात. जरूर द्या. तयारीत फक्त पायांचा दम वाढवू नका. आता उपग्रहाचे ट्रॅकर आलेत, पण बॅटरी संपते. स्थानिक गुराख्याशी चार शब्द बोला, तो टोबा कुठे आणि टिब्बा कुठला सरकतो ते सांगेल. वादळ उठलं तर बसून घ्या. पहिला नंबर पुढच्या वर्षीही मिळेल.